काहिलीतला दगड

धरणात बुडायच्या आधी वडशेत हे गाव एकदा बघायचंच, असा हट्ट धरून मी सोलापूरहून एसटीने निघालो. उजनी धरणाची भिंत तेव्हा चढत होती. टेंभुर्णीला उतरून दोन तास चाललो, तेव्हा भीमा दिसली. पलीकडच्या काठावर गाव होतं. अलीकडच्या माळावर, नव्या गावठाणात, उतरवलेल्या घरांच्या तुळया आणि पत्रे येऊन पडले होते.

नदी ओलांडायला काहील (गूळ शिजवायची पसरट कढई) होती. ती वल्हवणाऱ्या रामभाऊंनी मला पलीकडे नेलं.

वेशीपाशी रामभाऊंच्या वहिनी, सोनाआक्का, पहारीने एक दगड उपटत होत्या. त्यावर सात आडव्या रेघा. मी शहाणपणाने विचारलं, "पुराच्या खुणा वाटतं?"

"पानी मोजून काय करायचं?" आक्का म्हणाल्या. "पूर वसरला की गावात जी बाई पयली चूल पेटवती, तिनं रेघ मारायची. सात डाव परत आलोय आमी. शेवटची रेघ माजी. ह्यो दगड गेल्याबिगर माळावर चूल पेटवायची न्हाय, आसं समद्या बायांनी ठरवलंय."

"पण आता परतायला गावच उरणार नाही," मी बोलून गेलो आणि जीभ चावली. आक्कांनी नुसती पहार आणखी खोल घातली.

काठावर आणून दगड काहिलीत ठेवताच ती कलली. रामभाऊंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "मास्तर, वजनाला तुमी बरुबर हाय. त्या अंगाला बसा."

मध्यावर पाणी आत येऊ लागलं. "दगड टाका!" मी ओरडलो.

"दगड न्हाय टाकायचा. लई भ्या वाटत आसंल तर तुमी उतरा की," तांब्याने पाणी उपसत आक्का म्हणाल्या.

मला भयंकर राग आला. पण डब्यातल्या पोळ्या भीमेला वाहिल्या आणि त्या डब्याने मीही पाणी उपसू लागलो.

माळावर दगड उभा राहिला. आक्कांनी तीन धोंडे मांडून चूल पेटवली. ओल्या लाकडांनी डोळ्यांत धूर गेला, पण पहिली भाकरी मला मिळाली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. मग त्यांनी छिन्नी घेतली.

"पण आक्का, हे परत येणं नव्हे."

"नसू दे. चूल पेटली की."

आणि आठवी रेघ मारली.

सोलापुरातल्या भाड्याच्या खोलीत मी आठ वर्षं राहत होतो, खाणावळीत जेवत होतो आणि कुणी विचारलं तर घर नाही म्हणत होतो. त्या संध्याकाळी परत येऊन खोलीचं कुलूप काढलं आणि भूक नसतानाही आधी स्टोव्ह पेटवला.