दोन्ही बाजूंनी वळ उठलेली सीट

अर्जदार: मी, तहसील कचेरीसमोर टेबल मांडून बसणारा अर्जनवीस, शिक्षण सातवी, अनुभव सत्तावीस वर्षे. पीडित: माझा धाकटा भाऊ, येलदरीच्या जलाशयात बुडी मारणारा. गैरअर्जदार: वेल्डिंगच्या गॅसचे रेग्युलेटर दुरुस्त करणारा कारागीर, माझा सातवीपर्यंतचा वर्गबंधू. घटनेचा दिवस: पोळ्यानंतरचा तिसरा सोमवार. साक्षीदार: एक, ज्याच्या मोटारीसाठी भाऊ पाण्यात उतरला तो शेतकरी, दोन, गैरअर्जदाराच्या दुकानाशेजारचा चहावाला. नावे मला सर्वांची तोंडपाठ आहेत. ती लिहीत नाही. गैरअर्जदाराने स्वतःला ओळखावे, एवढे पुरे आहे.

येलदरीच्या पाण्याच्या कडेने शेतकऱ्यांच्या मोटारी बसवलेल्या आहेत. मोटारीच्या पाइपाच्या टोकाला जी झडप असते, तिला इकडे फुटबॉल म्हणतात. ती गाळात रुतली की माझ्या भावाला फोन येत असे. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडात रेग्युलेटर घेऊन तो तीस-तीस फूट खाली जाई. हा रेग्युलेटर जुना, मुंबईच्या एका निवृत्त पाणबुड्याकडून घेतलेला. टाकीवर बसणाऱ्या त्याच्या पितळी भागात शर्टाच्या बटणाएवढी एक चकती असते, तिला सीट म्हणतात. पितळेची धारदार कडा त्या सीटवर दाबून बसली म्हणजे टाकीतली हवा अडते आणि श्वास ओढला म्हणजे तेवढ्यापुरती सुटते. खाली गेलेल्या माणसाचा जीव त्या बटणावर असतो.

गेल्या उन्हाळ्यात हवा ओढायला जोर पडू लागला. मी मुंबईस तीन पत्रे लिहून त्या जुन्या मॉडेलच्या सुट्या भागांचे पाकीट मागवले. त्यात रबरी कड्या, पडदा, गाळणी आणि सीट होती. पाकीट व यंत्र मी स्वतः गैरअर्जदाराच्या दुकानात नेले आणि कोणता भाग कुठे बसतो याचा चित्रांचा कागद त्याला वाचून दाखवू लागलो. त्याने कागद बाजूला सारला.

"अर्जनवीस, तू लिहायचं काम कर. पान्याचं काम माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

आमच्याकडे कोणताही कारागीर काढलेले जुने भाग पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत देतो, म्हणजे काम झाल्याची खात्री पटते. त्यानेही पुडी दिली. अंगठा उठवण्याआधी मजकूर ऐकून घ्या, असे मी रोज दहा जणांना बजावतो. पण ती पुडी मी न उघडता खिशात घातली. ही माझी चूक आहे. ती मी इथेच कबूल करतो, म्हणजे गैरअर्जदाराला ती माझ्यावर काढता येणार नाही.

त्या सोमवारी भाऊ तळाशी असताना तोंडातल्या रेग्युलेटरमधून हवा आपोआप सुटू लागली. हवा अडेचना. बघता बघता टाकी रिकामी होऊ लागली आणि तो जिवाच्या आकांताने वर आला. काठावर आला तेव्हा त्याच्या उजव्या कानातून रक्त येत होते. घाईने वर आल्यामुळे कानाचा पडदा फाटला, असे डॉक्टरांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी घरी पुडी उघडली. जुन्या कड्या होत्या, पडदा होता, गाळणी होती, सीट नव्हती. मग चित्रांचा कागद समोर ठेवून मी यंत्राचा पितळी भाग उघडला. आतली सीट काढून उन्हात धरली. पितळेची कडा दाबून दाबून सीटवर गोल वळ उठतो. नव्या सीटवर तो नसतो आणि वापरलेल्या सीटवर एकाच बाजूस असतो. या सीटवर दोन्ही बाजूंस होता.

मी ती गैरअर्जदाराच्या टेबलावर नेऊन ठेवली. चहावाला कप गोळा करायला आला होता, तो तिथेच थांबला.

"नवी कुठं हाय?"

त्याने खिळ्यांचा डबा उपसून नवी सीट काढली, तिचे प्लास्टिकसुद्धा फाडलेले नव्हते. "ही घे. जुनीची एक बाजू कोरी होती. पंपाचं वायसर आमी उलटं करून टाकतो का न्हाई? तसंच केलं. चांगली वस्तू फेकायची कशाला?"

"पंपाचं वायसर गेलं तर पाणी थांबतं. हितं माणूस खाली होता."

"मग आधी सवताच्या तोंडात धरून बघायचं होतं की, मिस्त्री," चहावाला म्हणाला.

"तू कप उचल. अन् अर्जनवीस, तुझा भाऊ भ्यालाय खाली. लय भ्यालाय. मशीनचं नाव सांगायलाय."

हे शेवटचे वाक्य त्याने मोटारी असलेल्या गावोगावी पोहोचवले. नवी सीट मी माझ्या हाताने बसवली, भावाने घट्ट केली, यंत्र बादलीत बुडवून तपासले. एक बुडबुडा आला नाही. चार महिन्यांनी कान भरून आला. फोन मात्र येत नाही. पाण्यात घाबरणाऱ्याला कोण बोलावणार? शेतकरी आता दोरीला आकडा बांधून फुटबॉल ओढतात आणि माझा भाऊ घरात बसून टाकी पुसतो.

मी गप्प बसलेलो नाही. गैरअर्जदाराच्या दुकानाचे पत्रे गटारीवर पुढे आलेले आहेत. त्याविरुद्ध त्याच्या तीन शेजाऱ्यांना मी फुकट अर्ज लिहून दिले आणि प्रत्येकाची भाषा वेगळी ठेवली. तो स्वतः वीजजोडणीचा अर्ज घेऊन आला, तेव्हा तासभर उभा करून माझ्याकडे शाई नसल्याचे सांगितले. टेबलावर चार पेने होती.

भाऊ म्हणतो, "दादा, सोड आता. त्याला कुटं कळत होतं."

मी सोडणार नाही. कळत नव्हते, तर कागद बाजूला का सारला?

सबब विनंती अशी की, गैरअर्जदाराने येलदरीच्या काठी, मोटारी सुरू करायला शेतकरी जमतात त्या वेळी सकाळी हजर व्हावे आणि "दोष सीटचा होता, ती मी उलटी टाकली, माणूस भ्याला नव्हता" असे सर्वांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावे. हे मान्य नसेल तर तीच जुनी सीट घातलेला रेग्युलेटर तोंडात धरून त्याने त्याच जागी तीस फूट उतरावे. मी काठावर बसून वाट पाहीन.

यांपैकी काय कबूल आहे, याचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. शब्द सुचत नसतील तर मी लिहून देईन. मजकूर मात्र त्याने स्वतः सांगावा.