कोपरच्या उंबऱ्यांची उंची

मी लग्न होऊन कोपरला आले ती १९८७ च्या फेब्रुवारीत. आमची इमारत नवी होती, चार मजली, रंगाचा वास अजून जिन्यात होता. पहिल्याच महिन्यात एका रविवारी सकाळी मी दूध घेऊन परत येत होते, तर आमच्या फाटकाशी दोन बायका उभ्या दिसल्या. एक साठीची, काष्टा नेसलेली. दुसरी तिशीतली, गोल साडी, खांद्याला ऑफिसची पर्स. दोघींच्या हातात एका लांबलचक पारदर्शक नळीची दोन टोकं होती. नळीत निळसर पाणी होतं, आणि दोघी आपापल्या टोकाकडे टक लावून बघत होत्या.

"काही शोधताय का?" मी विचारलं.

"शोधत नाही, मोजतोय," धाकटी म्हणाली. "तुमचं फाटक आमच्या घरापेक्षा किती उंच आहे ते."

त्या मंजुळाताई केणे. साठीच्या होत्या त्या त्यांच्या आत्या, आवडाबाई. संध्याकाळी मंजुळाताई मुद्दाम वर आल्या आणि आकडा सांगून गेल्या. एक मीटर सदतीस सेंटिमीटर. मी भिंतीला पाठ लावून टेपने बघितलं, तर ते माझ्या खांद्यापर्यंत आलं. आमच्या इमारतीचं फाटक शेजारच्या पाड्यातल्या घराच्या उंबऱ्यापेक्षा इतकं वर आहे, हे तोवर माझ्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

हे मोजणं कशासाठी चाललंय, ते मला नंतर हळूहळू कळत गेलं.

मंजुळाताईंचे वडील गुणाजी मिठागरात राबलेले. पाड्यातली बहुतेक घरं तशीच; मीठ, थोडं भात, खाडीची मासळी. मंजुळाताई मात्र शिकल्या आणि १९८१ साली ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात अनुरेखक म्हणून लागल्या. साहेबलोक पेन्सिलीने नकाशा काढणार, अनुरेखकाने तो पातळ कापडी कागदावर शाईने गिरवायचा, एवढंच ते काम. पण गिरवता गिरवता त्या नकाशे वाचायला शिकल्या. नकाशावर वळणं घेत गेलेली बारीक रेघ म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, पाणी त्या रेघेवरून नाही, तिला ओलांडून खाली जातं, हे त्यांना कोणी वर्ग घेऊन शिकवलं नव्हतं.

१९८६ च्या जुलैत अमावास्येच्या उधाणाला जोराचा पाऊस मिळाला आणि आवडाबाईंच्या घरात गुडघाभर पाणी आलं. पाणी पूर्वीही यायचं, पण अंगणापर्यंत, आणि भरती उतरली की उतरायचं. या वेळी ते दोन दिवस हललं नाही. मधल्या काळात दोन गोष्टी झालेल्या. नवा रस्ता उंच झाला होता, आणि रस्त्यापलीकडच्या भाताच्या खाचरांत भराव टाकून आमच्यासारख्या इमारती उठल्या होत्या. तक्रार घेऊन लोक महापालिकेत गेले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं, तुमची घरं मुळातच सखल आहेत, रस्त्याचा काही संबंध नाही.

"किती सखल?" मंजुळाताईंनी विचारलेलं.

त्याने खांदे उडवले.

मंजुळाताईंना ठाऊक होतं की या भागाची उंचीमोजणी एकदा झालेली आहे. ती मोजणी त्यांच्याच कार्यालयात, त्यांच्या टेबलापासून तिसऱ्या कपाटात होती. त्यांनी मुख्य आरेखक सीताराम पुराणिक यांच्याकडे रीतसर अर्ज दिला, आमच्या पाड्यापुरत्या उंचीच्या नोंदी नकलून मिळाव्यात. पुराणिक सरळ माणूस, पण नियमाबाहेर पाऊल न टाकणारे. त्या काळी किनाऱ्यालगतचे बारीक नकाशे सरकार बाहेर देत नसे. पाच महिन्यांनी उत्तर आलं, नोंदी देता येणार नाहीत.

"कपाटाची किल्ली तुझ्याकडे असते," पुराणिक म्हणाले. "तू मनात आणलं असतंस तर उतरवून घेतलं असतंस, मला कळलंही नसतं."

"मग ते मी लोकांना दाखवू कशी शकले असते?" मंजुळाताई म्हणाल्या. "लपवून आणलेला कागद लपवूनच ठेवावा लागतो. मी आमची आम्ही मोजते, सर. आमचा उंबरा मोजायला तर बंदी नाही ना?"

पुराणिकांनी अर्ज फाइलीत लावला. मग म्हणाले, "नाही. पण जिथून सुरू करशील तिथे परत येऊन थांब. निघतानाचा आकडा आणि परत आल्यावरचा आकडा जुळला, तरच मधलं सगळं खरं."

हत्यार म्हणजे गवंडी लोक भिंतीची पातळी बघायला वापरतात ती पन्नास फुटी नळी. पाणी भरून दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. मग तिथून खाली जमिनीपर्यंत टेप धरायचा. दोन्ही मापांतला फरक म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक. सुरुवातीसाठी त्यांनी रुळांखालच्या एका जुन्या दगडी मोरीवर कोरलेली आडवी रेघ धरली. तिची समुद्रापासूनची खरी उंची कपाटात बंद होती. मंजुळाताईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, "या रेघेला शंभर मीटर मानले आहे." समुद्रापासून किती, याच्याशी पाड्याला काम नव्हतं. एकमेकांपासून किती आणि भरतीपासून किती, एवढंच हवं होतं.

रविवारी सकाळी सातला आत्या-भाची निघायच्या. पन्नास पन्नास फुटांनी पुढे सरकायचं. जिथे भिंत नाही तिथे बांबूची खुंटी ठोकायची. आवडाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण पाणी थरथरायचं थांबल्याशिवाय त्या "हां" म्हणत नसत. मे महिन्यापर्यंत अठ्ठावन्न उंबरे, रस्ता, दोन इमारतींची फाटकं असं सगळं वहीत उतरलं. मग दोघी दुसऱ्या वाटेने मोजत मोरीपाशी परत आल्या. शंभर यायला हवं होतं. आलं नव्व्याण्णव एक्क्याण्णव. नऊ सेंटिमीटर कुठेतरी सांडले होते.

"नऊ शेंटीमीटर म्हंजे किती?" आवडाबाईंनी विचारलं.

मंजुळाताईंनी चार बोटांची मूठ करून दाखवली.

"येवढ्याशासाठी कोन इचारतंय?"

"मी विचारीन," मंजुळाताई म्हणाल्या. "तुझ्या उंबऱ्यात आणि उधाणात त्याहून फार फरक नसेल, आत्या."

नळीत एका जागी हवेचा बुडबुडा राहिला होता, तो डोळ्याला दिसला नव्हता. कुठल्या रविवारी राहिला, ते सांगता येत नव्हतं. त्यांनी पहिल्या वहीवर आडवी रेघ मारली आणि पाऊस सरल्यावर सगळं पहिल्यापासून धरलं. मधल्या पावसाळ्यात रिकाम्या बसल्या नाहीत. दर उधाणाला भरतीचं पाणी बांधाच्या दगडावर जिथे टेकलं तिथे चुन्याची खूण करून ठेवली.

डिसेंबरात एका संध्याकाळी त्या पुन्हा आमच्या दारात आल्या. "मी तुम्हाला चुकीचा आकडा सांगितलेला. एक सदतीस नाही, एक अठ्ठावीस."

मी तो आकडा केव्हाच विसरले होते. पण या बाईंनी चूक सांगायला चार जिने चढावेत, हे मनात राहिलं. पुढच्या रविवारपासून नळीचं एक टोक माझ्या हातात आलं.

या वेळी मोरीपाशी परतल्यावर एकच सेंटिमीटर कमी भरला. वहीतून जे निघालं ते असं होतं. आवडाबाईंचा उंबरा अठ्ठ्याण्णव बेचाळीस. मोठ्या उधाणाचं पाणी अठ्ठ्याण्णव एकतीस. म्हणजे नुसत्या भरतीने घर बुडत नव्हतं. ८६ साली भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ अठ्ठ्याण्णव नव्वद, आणि नवा रस्ता नव्व्याण्णव पस्तीस. पाणी जाण्याच्या वाटेवर रस्ता बांधासारखा आडवा उभा होता. "मुळातच सखल" या शब्दांना पहिल्यांदाच कोणीतरी आकड्याने उत्तर दिलं होतं.

मंजुळाताईंनी सगळ्या घरांचे आकडे मोठ्या अक्षरात लिहून पाड्यातल्या व्यायामशाळेच्या भिंतीवर लावले. खाली लिहिलं, "ज्याला हवे त्याने उतरवून घ्यावे. शंका असल्यास रविवारी येऊन आमच्यासोबत मोजावे." शंभर प्रती सायक्लोस्टाईल करून घरोघर वाटल्या.

दुसऱ्याच दिवशी कागद फाटलेला होता. फाडणारा लपला नाही. गोपीनाथ, त्यांचा सख्खा चुलतभाऊ. त्याची दोन खाचरं बिल्डरला द्यायची बोलणी चाललेली. तो सरळ मंजुळाताईंच्या अंगणात आला.

"तुझे आकडे वाचून गिऱ्हाईक पळतंय, मंजुळा."

"आकडे खोटे असतील तर दाखव. मी माझ्या हाताने खोडते."

"खोटे आहेत असं कोण म्हणतंय? भिंतीवर कशाला, असं विचारतोय."

"पाणी भिंतीवरच लिहून गेलंय, गोपीनाथ. मी फक्त शेजारी आकडा घातला."

तो गेला. मंजुळाताईंनी नवा कागद लावला. तोही फाटला. मग त्यांनी रंगाची बादली आणली आणि आकडे भिंतीवरच रंगवले. गोपीनाथ पुढे त्यांच्याशी कधी बोलला नाही, त्यांच्या घरच्या लग्नालाही आला नाही. याचं त्यांना वाईट वाटे. त्या बोलून दाखवत नसत, पण त्याच्या घरावरून जाताना त्यांची चाल मंदावायची.

त्याहून मोठं संकट ठाण्यातून आलं. कोणीतरी निनावी पत्र पाठवलं, की अनुरेखक केणे यांनी कार्यालयातल्या गोपनीय नोंदी बाहेर वाटल्या. मेमो मिळाला. नोकरीचाच प्रश्न होता. चौकशीच्या दिवशी मंजुळाताई दोन्ही वह्या घेऊन गेल्या, रेघ मारलेलीसुद्धा. चौकशी अधिकाऱ्याने पुराणिकांना कपाटातली मोजणी काढायला सांगितली आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. एकही आकडा सारखा नव्हता, कारण मंजुळाताईंचा प्रत्येक आकडा मोरीच्या शंभरापासून निघालेला.

"हे नकललेलं नाही," पुराणिक म्हणाले. "पण घराघरांतला फरक काढलात तर आपल्या मोजणीशी जुळतो. या बाईंनी नळीने ते काम केलंय, जे करायला आपण चार माणसं आणि दुर्बीण नेली होती."

मेमो मागे घेतला गेला. शाबासकी कोणी दिली नाही, त्यांनी अपेक्षाही केली नव्हती. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी टेबलावर येऊन त्यांनी अर्धा राहिलेला नकाशा पुढे ओढला.

१९८९ मध्ये पाड्यासाठी नाला मंजूर झाला. रस्त्याखालून पाइप घालून पाणी खाडीत सोडायचं. सगळे खूश. मंजुळाताईंनी नकाशा मागून घेतला, मोरीपासूनच्या आपल्या आकड्यांत बसवून पाहिला आणि नाल्याच्या तोंडाशी बोट ठेवलं. तोंड सत्त्याण्णव पंच्याऐंशीला येत होतं. उधाण अठ्ठ्याण्णव एकतीसला. भरतीला खाडीच नाल्यातून घरात शिरली असती.

आम्ही सहा बायका नळी घेऊन इंजिनीयरकडे गेलो. ते तरुण होते, नळी बघून हसले. "ताई, याने ओटा बांधतात. नाला नाही."

"मग तुमचं यंत्र आणा," मंजुळाताई म्हणाल्या. "आमच्यासोबत एक दिवस चला. आमचं चुकलं तर भिंतीवर लिहू, की आमचं चुकलं."

ते खरंच आले, तिपाई आणि दुर्बीण घेऊन. मोरीपासून खाडीपर्यंत मोजायला त्यांना दुपार झाली. शेवटचा आकडा काढून त्यांनी आमच्या वहीत पाहिलं. दोन सेंटिमीटरचा फरक होता. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि आवडाबाईंना विचारलं, "आजी, मग काय करावं म्हणता?"

"तोंडाला उघाडी बसवा," आवडाबाई म्हणाल्या. मिठागराच्या बांधात भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी झडप असते, तिला त्या लोकांत उघाडी म्हणतात. "नाय तं सगली खाडी घरान येल."

दीड वर्ष पत्रं लिहिल्यावर लोखंडी झडप बसली. १९९२ च्या मोठ्या उधाणात आवडाबाईंच्या अंगणात पाणी आलं आणि ओहोटीबरोबर परत गेलं. रस्त्याच्या वळणापलीकडची अकरा घरं मात्र त्या नाल्याला लागत नव्हती, ती भिजलीच. मंजुळाताईंनी त्यांचे आकडे भिंतीवर लाल रंगाने लिहिले आणि नवा अर्ज टाकला.

तोवर रविवारचा वर्ग सुरू झालेला. सोसायट्यांचे सेक्रेटरी, गवंडी, बचत गटाच्या बायका, कोणीही यावं. त्या आकडे द्यायच्या, पण नुसते आकडे घेऊन जाऊ द्यायच्या नाहीत. आधी आपला उंबरा आपण मोजायचा. ९३ साली एक दिवस वर्गाला गोपीनाथची बायको लक्ष्मी येऊन मागे बसली. मंजुळाताईंनी नळीचं टोक तिच्या हातात दिलं. वर्षभरात ती आमच्याहून झपाझप वही लिहायला लागली.

१९९६ मध्ये आंबिवलीजवळच्या एका नदीकाठच्या वस्तीतून जनाबाई नावाच्या बाई आल्या. त्यांच्याकडे पुराचं पाणी चढायचं. "तुम्हीच येऊन मोजून द्या," त्या म्हणाल्या. "आम्हाला ते जमायचं नाही."

"पहिल्या रविवारी येते," मंजुळाताई म्हणाल्या. "दुसऱ्या रविवारी लक्ष्मी येईल. तिसऱ्या रविवारी कोणी येणार नाही."

तसंच झालं. दोन महिन्यांनी जनाबाईंची वही टपालाने कोपरला आली, चाळीस घरांची. मंजुळाताईंनी ती शेवटच्या पानापासून वाचायला घेतली. परतीचा आकडा सुरुवातीपेक्षा सोळा सेंटिमीटर जास्त होता. त्यांनी त्याखाली लाल रेघ मारली, शेजारी लिहिलं, "जुळत नाही. पुन्हा मोजा. आम्हीही पुन्हा मोजलं होतं," आणि सोमवारी ठाण्याला जाताना वही स्वतः टपालात टाकली.