काचेच्या डोळ्याचा डबा

लांज्याच्या भिकाजी मेस्त्रीचा जन्म ट्रकखाली दुरुस्त्या करण्यात गेला. बंद डबा दिसला की उघडायचा आणि रॉकेलने धुवायचा, एवढीच काय ती त्याची विद्या. बोटीवर नोकरीला असलेल्या विठूने जुनी विलायती गाडी त्याच्याकडे आणली. तिचा एसी जेमतेम गार करी. रेडिएटरपुढे एक काळा डबा होता, माथ्यावर काचेचा डोळा.

"मेस्त्री, हे काय?" विठूने विचारलं.

"फिल्टर, दुसरं काय असणार!" म्हणत भिकाजीने पाना लावला. फस्सकन वाफ सुटली, बोटं बर्फासारखी गारठली. एसीचा गॅस, म्हणजे गाडीतला सगळा गारवा, त्या वाफेबरोबर उडाला होता आणि तो पुन्हा भरणारा मुंबईच्या अलीकडे कोणी नव्हता.

"आता येईल ना गार?" विठूच्या बायकोने गाडीतून विचारलं.

"येईल, वहिनी," म्हणत भिकाजी रिकामा डबा घट्ट आवळत राहिला.