कान रंगवलेले ससे

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. "भावोजी, हे गेले," शालिनीवहिनी एवढंच म्हणाल्या. फोन ठेवला आणि मला चक्क रागच आला. पन्नास वर्षांचं भांडण अर्धवट टाकून गेला की हा माणूस...

भांडण सशांवरून. आणीबाणीच्या आधी आम्ही दोघं सांगलीत एकाच कॉलेजात शिकवायला लागलो, तो प्राणिशास्त्राला, मी गणिताला. वडूजकडच्या माळावर ससे किती, यावर त्याची पीएच.डी. चालली होती. सगळे ससे मोजणार कसे? तर जाळी लावून काही धरायचे, कानाला रंग लावून सोडायचे आणि पंधरवड्यानं पुन्हा जाळी लावायची. दुसऱ्या खेपेत रंगाचे जितके कमी सापडतील, तितके माळावर ससे जास्त. हिशेब माझ्याकडे, जाळी सखारामबापूंकडे; ते त्या माळावरचे जुने शिकारी. सशांच्या वाटा बापूंना घरच्या अंगणासारख्या ठाऊक होत्या.

दुसऱ्या खेपेला दोन दिवस ससे निघत राहिले, पण रंगाचा एकही नाही. मी वैतागलो. "दत्ता, आता मी काय शून्यानं भागू?" बापू शेजारीच तंबाखू मळत होते. "रंगाचं कसं घावतील? ती आमी जाळ्यातनंच सोडून देतोय की," ते म्हणाले. "एकदा जीवदान दिलेलं जनावर आमी परत धरत न्हाई, मास्तर."

किती सोडले, ते कुणीच मोजलं नव्हतं. दत्ताचा उतरलेला चेहरा पाहून बापू ओशाळले. "आवं, तुमी म्हनाल तेवढं सांगतो. लिवा." मीही म्हटलं, लिही अंदाजानं, नाहीतर पुढच्या साली यांना समजावून पुन्हा धर. गड्यानं दोन्ही केलं नाही. "खोटं मी लिहिणार नाही, आणि त्यांचा नेमही मोडायला लावणार नाही," म्हणाला. पीएच.डी. तिथंच संपली. मागून आलेली पोरं बढती घेऊन पुढे गेली, आणि मी दर दिवाळीला त्याच्या घरी बसून त्याला मूर्ख म्हणत राहिलो. तो हसून चिवड्याची ताटली पुढे सरकवायचा. फार चीड यायची मला.

गेल्या आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. फळ्यावर कुणीतरी वळणदार अक्षरात त्याच्या नावाआधी 'डॉ.' लिहिलं होतं. ते लागावं म्हणून मी जन्मभर भांडलो होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, फळ्यापाशी गेलो आणि तळहातानं तेवढं पुसून टाकलं.