गौरम्मा बिदर बघायला जाते

उदगीरच्या गौरम्माच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसले ते सुनेच्या साडीचे पोपटी काठ. चार-पाच वर्षं मोतीबिंदूने सगळं धूसर करून टाकलं होतं. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवावी तर गौरम्मानेच, असं गल्ली म्हणायची. पण सुईत दोरा ओवता येईना, तशी तिने सुयांची डबी शेजारणीला देऊन टाकली होती.

"आत्या, आता नजर आली. काय बघायचं सांगा," सुनेने, उज्वलाने विचारलं. तिला वाटलं, सासूबाई एखादं देवस्थान सांगतील.

"बिदर," गौरम्मा म्हणाली.

मुलगा सोमेश हसला. "दोन तासांवर तर हाय, आई. काय बघायचं तिथं? पडका किल्ला!"

"तुझे अण्णा दुकानाचा माल आणायला जायचे. म्हणायचे, तिथं भिंतीवर फुलं हायत, दगडात चांदणं हाय. मी लग्न, मैत, दवाखाना सोडून कुठं गेले? नुसतं बघायला म्हणून एकदा जायचंय."

रविवारी सासूसुना सकाळच्या बसने निघाल्या.

एकेकाळी या बिदरमधून दख्खनचं राज्य चालायचं. किल्ल्यातल्या रंगीन महालाला मात्र कुलूप होतं. उज्वला परत फिरली. गौरम्मा सरळ चौकीदारासमोर उभी राहिली.

"दादा, आत्ताच आपरेशन झालंय. दाखवा की."

त्याने किल्ली काढली. आत काळ्याभोर दगडात शिंपल्याचे नखाएवढे तुकडे बसवून वेलबुट्टी केलेली. दारातून ऊन आलं आणि वेल पेटल्यासारखी उजळली, कुठे गुलाबी, कुठे मोरपंखी. गौरम्माने पदर तोंडाला लावला.

"आत्या, डोळ्यांत पाणी नको, डॉक्टरांनी सांगितलंय."

"येऊ दे गं. लई दिवसांनी चांगल्या कारणानं आलंय."

पुढे गावातल्या चौबारा बुरुजाजवळच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर बिदरीची सुरई घडवत बसले होते. कोरलेल्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवत होते. गौरम्मा उंबऱ्यावरच टेकली.

"एवढं काळं कशानं होतं, चाचा?"

"किल्ले की मिट्टी से, अम्मा. उस के पानी में डुबाए तो धातू काला पडता, चांदी वैसीच रहती." तिच्या बोटाचा घट्टा त्यांना दिसला. "सुई का काम करते क्या तुम?"

"करत व्हते. मोतीबिंदूपायी सोडलं. आता आपरेशन झालंय."

"कायकू? अब तो साफ दिखता ना."

गौरम्मा बोटाचा घट्टा अंगठ्याने चोळत उठली.

दुपारी खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी अन् शेंगांची चटणी पानात आली. वाढणारी बाई कन्नडमध्ये म्हणाली, "इन्नू बेका?" आणखी हवं का? "साकु, तायी," गौरम्मा पटकन बोलून गेली. पुरे, माय. ही तिच्या माहेरची बोली. आई गेल्यापासून कुणाशी बोलायला मिळाली नव्हती. मग दोघींच्या अशा गप्पा रंगल्या की उज्वला नुसती ऐकत राहिली, आणि पुरे म्हटलं तरी पानात तिसरी भाकरी पडलीच.

परतल्यावर गौरम्माने शेजारणीकडून सुया मागून आणल्या. नव्या वाकळीसाठी जुन्या काळ्या चंद्रकळेवर पांढऱ्या धोतराच्या चिंध्यांची वेल बसवायला घेतली. पहिली वेल वाकडी गेली; तिने उसवली. दोन महिने लागले. उज्वलाने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला, तशा तिघीजणी शिकायलाच येऊ लागल्या. गौरम्मा त्यांना टाक्यावरून बिनधास्त रागवायची, आणि त्या तरीही यायच्या.

एका संध्याकाळी सोमेशने त्या वाकळीवरून हात फिरवला.

"आई, कंधारबी जुनी राजधानीच व्हती म्हणं. पुढल्या रविवारी जाऊ. मीबी येतो."

"ये की," गौरम्मा दोरा ओवत म्हणाली. "पर घरून डबा न्यायचा न्हाई. जेवायचं तिथलंच."