डावखुरी गाठ

प्राचीन काळी उर शहरात सोनार पुष्कळ होते, पण सोन्याचं पान फुंकरीने हलेल इतकं पातळ ठोकावं ते अदकल्लानेच. माणूस मात्र तिरसट. दुसऱ्याचं काम पाहिलं की नाक मुरडल्याशिवाय पुढे जायचा नाही. बायको गेल्यावर त्याच्या दोन्ही मुली, थोरली निनएझेम आणि धाकटी गानकी, राजवाड्यात राणीच्या सेवेला लागल्या. ‘पोरींनी नशीब काढलं,’ असं आळीतल्या बायका म्हणत, आणि तोही मान डोलवी.

त्या उन्हाळ्यात राणीने अंथरूण धरलं. राणीला एकटीने मरायचं ठाऊक नसतं. तिच्यासोबत खड्ड्यात उतरायला दासी लागतात, त्याही नटूनथटून. जिवंतपणी कुणाशी धड बोलली नाही, आणि मेल्यावर हा एवढा गोतावळा! कारभाऱ्याने दासींच्या डोक्यांची मापं अदकल्लाकडे धाडली. माप म्हणजे लोकरीचा दोरा. जिचं डोकं, तिनेच त्याला गाठ मारायची.

अदकल्ला एकेक दोरा लावून डोक्याला बांधायच्या चांदीच्या फिती कापत होता. एक दोरा हातात आला आणि त्याने तो उजेडात धरला. गाठ उलटी होती. डावखुऱ्या निनएझेमला ‘सरळ गाठ मार’ म्हणून तो लहानपणी किती ओरडला होता!

रडून भागणार नव्हतं. अर्धवट शृंगाराच्या बाईला पाताळाच्या दारातून परत फिरवतात, हे उरमधलं शेंबडं पोरही जाणत होतं. म्हणजे फीत बसली नाही तर पोरगी वाचेल. त्याने ती चार बोटं आखूड कापली आणि पुरावा नको म्हणून दोरा चुलीत टाकला. जन्मात पहिल्यांदा त्याने काम मुद्दाम बिघडवलं, आणि त्याला जराही लाज वाटली नाही.

फिती राजवाड्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी भरदुपारी निनएझेम दारात उभी. हातात तीच फीत.

“बाबा, आखूड झाली.”

“चुकलो असेन. म्हातारा झालो आता.”

“तुम्ही आणि चुकाल? दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली तुमची!” ती हसली, पण लगेच तिचा आवाज बसला. “कळलं हो मला सगळं. पण कारभारी म्हणाला, चांदी वाया कशाला घालवायची? त्याने ती गानकीच्या डोक्याला लावून बघितली. तिला अगदी बेतशीर बसली. आता माझ्या जागी ती.”

धाकटीचं लहानसं डोकं अदकल्लाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“पळून जा. दोघीही.”

“कुठे? बाहेर शिपाई उभा आहे. संध्याकाळच्या आत फितीला तुकडा जोडून द्या, म्हणजे गानकी सुटेल.”

“आणि तू गं?”

“मी थोरली ना, बाबा.”

त्याने शेगडी पेटवली. दोरा जळून गेलेला, तेव्हा माप नव्याने घेणं आलं. ती त्याच्यापुढे मान खाली घालून बसली. त्याने तिच्या डोक्याभोवती दोरा फिरवला, पण गाठ काही त्याच्याने मारवेना. शेवटी तिनेच हात वर करून ती मारली. उलटीच. या खेपेला तो ओरडला नाही.