निघोजच्या खडकावरची प्रार्थना

परवा कुणीतरी मोबाईलवर निघोजच्या रांजणखळग्यांचा फोटो पाठवला आणि आई गेली त्या वर्षीचा एक दिवस आठवला. आईच्या स्मरणार्थ चर्चमध्ये झालेल्या उपासनेत चार पाळकांनी भाषणं केली. त्यातल्या दोघांना तिचं नाव कागदात पाहून सांगावं लागलं. त्यानंतर वडिलांनी जेवणाआधीची प्रार्थनाच सोडली. जन्मभर त्यांच्या ‘आमेन’शिवाय घरात कुणी घासाला हात लावला नव्हता, आता ते मुकाट्याने भाकरी मोडत. माझा या गोष्टींवर फारसा विश्वास नाही, तरी ते मला बघवेना. एका रविवारी त्यांना निघोजला नेलं. कुकडी नदीच्या पाण्याने गोटे फिरवून फिरवून काळ्या खडकात कोरलेले ते खोल रांजण पाहून ते थबकले. एकाच्या गुळगुळीत काठावरून बराच वेळ हात फिरवत राहिले. “किती वर्षं लागली आसतील रे?” “हजारो, बाबा.” “आन् मी तिच्या दुखण्यात आठ महिने मागणं केलं, आन् लगेच रुसलो देवावर.” खडकावरच डबा उघडला. मी घास उचलताच त्यांनी माझं मनगट धरलं. “थांब की जरा. बाटलास का काय?” डोळे मिटून त्यांनी नदीसाठी, दगडांसाठी, भाकरीसाठी देवाचे आभार मानले आणि आईच्या आजारपणातल्या सवयीने पुढे म्हणाले, “आन् हिला लवकर बरी कर.”  ते ‘आमेन’ म्हणेनात, म्हणून मी म्हटलं. मी आजही चर्चमध्ये मागच्याच बाकावर बसतो. पण ते आमेन मागे घ्यावंसं कधी वाटलं नाही.